आनुवंशिकता आणि आपले ताट

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त नागापूर येथे आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा विश्वस्त मंडळाने केली, तेव्हा माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला की चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेल्या माणसाने समाजापुढे बोलावे ते कशावर? बाजारभावावर बोललो असतो तर व्यापाऱ्याचे बोलणे म्हणून कोणी ते खरे धरले नसते. (हशा) मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जीवशास्त्राशी माझा शाळेतील संबंध दहावीलाच सुटला. तरीही गेली काही वर्षे एका विषयाचे वाचन मी हौसेने करीत आलो आहे, आणि तो विषय आता ग्रंथालयातून निघून आपल्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. आपल्या शरीराची आनुवंशिक घडण आणि आपल्या ताटातील अन्न यांचा परस्परसंबंध हा तो विषय. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा माझे बोलणे घेऊ शकत नाही, हे आरंभीच नमूद करतो.

प्रथम माझ्या व्यवसायातील एक निरीक्षण सांगतो. कापडाच्या धंद्यात माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे माप दिसते. मी गादीवर बसू लागलो त्या काळात तिशीतले गिऱ्हाईक पँटसाठी तीस किंवा बत्तीस इंच कमरेचे माप सांगत असे. आज त्याच वयाचा त्याचा मुलगा छत्तीस मागतो, क्वचित अडतीस. परंतु शर्टाच्या खांद्याचे माप मात्र बापाचे आणि मुलाचे सारखेच. दंड बारीक, मनगट बारीक, पायही बारीक. वाढली ती फक्त कंबर. आमचे शिंपी या ठेवणीला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते येथे सांगणे सभ्यपणाचे होणार नाही. पण शास्त्रज्ञांनी तिला एक नाव दिलेले आहे आणि ते नाव आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यात, दिले गेले. ते नाव म्हणजे 'थिन-फॅट इंडियन', अर्थात दिसायला कृश पण आतून मेदयुक्त भारतीय.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा विचार मांडला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. शेजारी लंडनचे डॉ. जॉन युडकिन उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन किती, याचे जे गणित डॉक्टर मांडतात आणि ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचेही अगदी एकच होते, २२.३. म्हणजे तराजूच्या दृष्टीने दोघे सारखे. परंतु यंत्राने शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तराजूने वजन सांगितले. माल काय आहे, ते सांगितले नाही.

याचा व्यवहारातील अर्थ आपण नीट समजून घ्यावा. आपल्याकडे 'मी कुठे जाड आहे, मला कशाला साखर होईल?' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण १० कोटी १० लाखांच्या घरात आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांतील सगळे काही जाड नाहीत. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा कमी ठेवलेली आहे : पुरुषांस ९० सेंटिमीटर, स्त्रियांस ८०. आमच्या टेपने मोजाल तर सुमारे साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. पण माप घेताना टेप बेंबीच्या पातळीला धरावी. पँटचा पट्टा पोटाखाली घसरलेला असतो, तेथे नव्हे.

आता, ही ठेवण आपल्याला मिळाली कोठून? येथे जनुकांकडे वळणे प्राप्त आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि त्यांवर सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर लिहिलेला असतो. त्या मजकुरातील सुमारे वीस हजार परिच्छेद म्हणजे जनुके. अर्धा मजकूर पित्याकडून, अर्धा मातेकडून. या मजकुराच्या वाचनाचा कच्चा खर्डा २००० साली जाहीर झाला आणि २००३ साली मानवी जनुकसंचय प्रकल्प पूर्ण झाल्याची घोषणा झाली. कोणत्याही दोन माणसांचा हा मजकूर ९९.९ टक्के सारखा असतो. उरलेला फरक हिशेबाला अगदी किरकोळ वाटतो, पण तीन अब्जांचा एक-दशांश टक्का म्हणजे तीस लाख अक्षरे होतात. एकाला दूध पचते व दुसऱ्याला नाही, एकाची साखर एका जिलेबीने वर जाते व दुसऱ्याची तितकी जात नाही, यामागे या तीस लाखांतील काही अक्षरे असतात. काही बांधव मला विचारतात की जनुक म्हणजेच कर्म काय? तो प्रांत साधु-साध्वीजींचा आहे. मी त्यात शिरत नाही.

काही ठिकाणी जनुक अगदी स्पष्ट बोलते. फिनाइलकीटोनुरिया नावाच्या आजारात प्रथिनातील एक घटक शरीराला मोडता येत नाही. जन्मानंतर लगेच ओळखून आहार बदलला तर मूल सुदृढ वाढते, नाही तर मेंदूवर परिणाम होतो. सीलिअॅक या आजारात गव्हातील ग्लुटेन आतड्याला इजा करते. हा आजार ज्यांना होतो त्या जवळजवळ सर्वांकडे दोन ठरावीक जनुकप्रकारांपैकी एक तरी असतोच. मात्र ते असणाऱ्यांपैकी बहुतेकांना आजार कधीच होत नाही. म्हणजे जनुक नसेल तर आजार जवळपास नाकारता येतो, असेल तर सिद्ध होत नाही. ज्याला तो खरोखर आहे त्याने गहू आयुष्यभर सोडला पाहिजे, आणि आपल्या जिल्ह्यासारखा बाजरी-ज्वारी पिकवणारा मुलूख त्याला फार सोयीचा. थॅलेसेमिया हे तिसरे उदाहरण. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तीव्र आजार होण्याची शक्यता चारात एक. आपण सोयरीक जुळवताना गोत्र काटेकोरपणे पाहतो. एका साध्या रक्ततपासणीने हेही पाहता येते.

परंतु मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्या बाबतीत जनुक इतके स्पष्ट बोलत नाही. तेथे एक नव्हे, शेकडो जनुके थोडी थोडी भर घालतात. मधुमेहाशी सर्वांत ठळक संबंध असलेल्या एका जनुकाचा, टीसीएफ७एल२ या नावाच्या, पुण्यातील रुग्णांतही अभ्यास झाला आणि २००७ साली तो प्रसिद्ध झाला. येथेही त्याचा संबंध आढळला. पण त्या जनुकाचा जोखमीचा प्रकार अंगात असलेली कितीतरी माणसे आयुष्यभर निरोगी राहतात आणि तो नसलेली कितीतरी माणसे मधुमेही होतात.

मग उरलेला वाटा कशाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या संशोधकांसमवेत १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. शेतावर राबणाऱ्या स्त्रियांची त्यांनी गरोदर होण्यापूर्वीपासून नोंद ठेवली, बाळंतपणे पाहिली, आणि ती मुले मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. त्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आठशे ग्रॅमचा हा फरक आला कोठे? पोटातील अवयव लहान, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे ज्या ठेवणीला मी पँटच्या मापात पाहत होतो, ती पाळण्यातल्या बाळातच होती. तेव्हा सगळे खापर समोसे-फरसाणावर फोडता येत नाही, जरी त्यांनी आपले काम पुढे चोख बजावलेले असते.

याच अभ्यासाने २००१ साली आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या माता गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे वजनाने बरी होती. महागडे टॉनिक नव्हे, आयात केलेली पावडर नव्हे. मेथी, पालक, पेरू आणि दूध.

आता आपल्या समाजाशी थेट संबंध असलेल्या मुद्द्याकडे येतो. तो म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. मी यावर जरा जास्त वेळ घेणार आहे, अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहू नये.

हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही, आणि प्राणीही करीत नाही. ते फक्त जीवाणू तयार करतात. गाई-म्हशींच्या पोटातील जीवाणू ते बनवतात आणि दुधातून ते आपल्यापर्यंत येते. रक्त तयार होण्यासाठी, मज्जातंतूंच्या आवरणासाठी आणि पोटातील गर्भाच्या मेंदूसाठी ते लागते. गरज अत्यल्प, प्रौढ माणसास दिवसाला सुमारे दोन मायक्रोग्रॅम. यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षे पुरतो, आणि म्हणूनच हा घाटा लवकर कळत नाही. भांडवलातून खर्च चालू असतो, दुकान चालू दिसते, आणि एके दिवशी हिशेब लागतो. तळपायाला मुंग्या, विसराळूपणा, जीभ सोलल्यासारखी होणे, अकारण थकवा. आपण म्हणतो, वय झाले.

पुण्यातील मध्यमवयीन ४४१ पुरुषांची पाहणी केईएमच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केली. त्यांत खेड्यातले होते, झोपडपट्टीतले होते आणि शहरी मध्यमवर्गीयही होते. एकंदर ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. म्हणजे ज्यांना खायला-प्यायला सर्वांत जास्त, त्यांचाच हा घाटा सर्वांत मोठा! शाकाहार हे त्याचे एक प्रमुख कारण निघाले.

बंधू-भगिनींनो, हा आकडा ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात काय आले असेल ते मला ठाऊक आहे. डॉक्टर अंडी खायला सांगतात, म्हणून तपासायलाच नको, असे म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. तपासणी न केल्याने आपला आहारनियम राखला जात नाही, फक्त रोग राखला जातो. अंड्याची येथे काहीही आवश्यकता नाही. बी-१२ ची गोळी जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते, प्राण्यापासून काढलेली नसते. काळजी घ्यायची ती आवरणाची. कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. त्यामुळे साधी गोळी मागावी, जिभेखाली विरघळणारी मिळते तीही चालते, आणि पूरक आहाराच्या डबीवर हिरवा ठिपका पाहून घ्यावा.

दुधाचा हिशेबही मांडून पाहू. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात बी-१२ साधारण ०.४ मायक्रोग्रॅम असते. म्हणजे दोन मायक्रोग्रॅमसाठी रोज अर्धा लिटर दूध, किंवा त्याचे दही-ताक. आता प्रत्येकाने मनाशी विचारावे, आपण खरोखर किती घेतो? चार कप चहातील दूध एकत्र केले तरी ग्लासभर भरत नाही. आणि आपले लाडके तूप? त्यात बी-१२ जवळपास नाही, कारण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे आहे, ते लोणी कढवताना मागेच राहते. तुपाने भिजलेली बाटी खाऊन दुधाचा हिशेब पुरा झाला असे कोणी समजू नये. दूध नियमित दिल्याने तरुण शाकाहारी मंडळींच्या रक्तातील बी-१२ सुधारते, हे पुण्याच्याच गटाने २०१३ साली प्रत्यक्ष दाखवलेले आहे. ज्यांना दूध पिऊन पोट फुगते त्यांनीही निराश होऊ नये. मोठेपणी दुधातील साखर पचवण्याची क्षमता हीही जनुकावर अवलंबून आहे. भारतात ती वायव्येकडे अधिक आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी आढळते. आपल्यातील अनेकांचे पूर्वज मारवाडातून आले म्हणून प्रत्येकाला ती लाभली असेल असे नाही. अशांना दही व ताक बरे मानवते, कारण विरजणाने ती साखर काही अंशी मोडलेली असते.

आता येथे जनुकाचा संबंध कोठे, असे तुम्ही विचाराल. एकाच घरात, एकाच ताटातले जेवणाऱ्या बाप-लेकीच्या रक्तात बी-१२ चे आकडे वेगळे का येतात, याचे उत्तर अंशतः जनुकात आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने पुणे व म्हैसूर येथील कुटुंबांच्या रक्ताचा अभ्यास करून २०१७ साली फट६ नावाच्या जनुकातील काही फरक दाखवून दिले, जे भारतीयांमध्ये बी-१२ च्या पातळीशी निगडित आहेत. अर्थात त्या जनुकाचे निदान करून घेण्याची आपल्याला गरज नाही. पातळी कमी असली की उपाय एकच. शिवाय वय वाढल्यावर जठरातील आम्ल घटते आणि बी-१२ अन्नातून सुटत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होते. आपल्या सभागृहात या दोन्ही गोळ्या खिशात असलेले किती आहेत, हात वर करायला मी सांगत नाही.

सर्वांत गंभीर भाग मुलींचा आणि सुनांचा आहे. पुण्याच्या त्या सहा खेड्यांतील मातांमध्ये दोन-तृतीयांश स्त्रियांचे बी-१२ कमी होते. ती मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या मातांचे गरोदरपणी बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होते, त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. फॉलेट आपल्या पालेभाज्यांत व डाळींत भरपूर, शिवाय गरोदरपणी गोळीही मिळते. बी-१२ च्या नावाने मात्र शून्य. याचा अर्थ फॉलिक अॅसिडची गोळी थांबवावी असा कोणीही घेऊ नये, ती बाळाच्या मज्जारज्जूसाठी अत्यावश्यक आहे. अर्थ इतकाच की जोडीला बी-१२ पाहिले पाहिजे. आणि ज्या मातेत ते अगदीच नाही, तिचे फक्त अंगावर पिणारे बाळ सहा महिने ते वर्षाच्या आत सुस्त होते, शिकलेले हसणे-बसणे विसरते, त्याला कंप सुटतो. बालरोगतज्ज्ञ हा आजार चांगला ओळखतात. वेळेत ध्यानात आले तर उपचाराने बाळ सुधारते, पण उशीर झाला तर मेंदूचे नुकसान मागे उरू शकते. शुद्ध शाकाहारी, सुखवस्तू घरातही हे घडते.

यावर उपायही पुण्यातच करून पाहिला गेला. त्या पहिल्या अभ्यासातील मुलेच किशोरवयात आल्यावर २०१२ पासून त्यांना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला, की पुढे त्यांच्या पोटी येणारी बाळे कशी असतात ते पाहावे. मला या योजनेतील दूरदृष्टी फार भावली. नातवाच्या प्रकृतीसाठी उपचार आजीच्या नव्हे, आईच्या कुमारवयात.

या संदर्भात ज्येष्ठ माता-भगिनींना एक नम्र विनंती. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य, चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, हा आपला नियम मी मानतो. परंतु घरातील सून गरोदर असेल तर तिच्यावर कोणता त्याग असावा, हे सासूबाईंनी एकट्याने ठरवू नये. गुरुमहाराजांना विचारावे, डॉक्टरांना विचारावे. शरीराच्या अवस्थेनुसार पचक्खाण घ्यावे असे स्वतः साधु-साध्वीजीही सांगतात. तसेच मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या तपस्वींनी पर्युषणात अठ्ठाई घेण्यापूर्वी मात्रेविषयी डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नये. साखर एकाएकी उतरण्याचा धोका तपाला शोभणारा नाही.

आता शाकाहाराबद्दलची एक चांगली वार्ता. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने पुण्यातील संशोधकांच्या सहकार्याने केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पुण्यातील २३४ मुख्यतः शाकाहारी व्यक्ती आणि अमेरिकेतील ३११ व्यक्ती यांची तुलना त्यात होती. वनस्पतीतील साध्या स्निग्धाम्लांपासून मेंदूला लागणारी लांब साखळीची स्निग्धाम्ले शरीरातच बनवण्याची क्षमता वाढवणारा एक जनुकप्रकार भारतीयांपैकी ६८ टक्क्यांत आढळला आणि अमेरिकनांपैकी १८ टक्क्यांत. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार पाळणाऱ्या लोकांत निसर्गाने हा प्रकार निवडून वाढवला असावा, असा त्यांचा निष्कर्ष. वर्तमानपत्रांनी लगेच 'शाकाहाराचे जनुक' असा मथळा दिला आणि आपल्यापैकी काहींची छाती फुगली. मला मात्र त्याच अभ्यासातील दुसरी बाजू अधिक उपयोगाची वाटली. ज्यांच्यात हा प्रकार आहे त्यांनी ओमेगा-६ ने भरलेली तेले बेसुमार खाल्ली तर त्याच यंत्रणेतून दाह वाढवणारे पदार्थही जास्त बनू शकतात, अशी शंका संशोधकांनी व्यक्त केली. सूर्यफूल, सोयाबीन, करडई ही ती तेले. ओमेगा-३ साठी आपल्याकडे जवस आहे. पूर्वी भाकरीबरोबर जवसाची चटणी प्रत्येक घरी असे. आता ती किराणा दुकानातही मागून घ्यावी लागते आणि फरसाणाच्या दुकानासमोर मात्र रांग असते.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग थेट जनुकांचीच तपासणी करून आहार ठरवावा. तशी विक्री जोरात आहे. लाळेचा नमुना द्या, आठ-दहा किंवा पंधरा हजार रुपये भरा, आणि तुमच्यासाठीच तयार केलेला आहार मिळवा. जणू मापाने शिवलेला सदरा. मला कल्पना आवडली, कारण मापाने शिवलेल्या कपड्याचा मी पक्षपाती आहे. नात्यातील एका तरुणाचा असा अहवाल मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात कॉफी किती प्यावी, मीठ किती खावे, व्यायाम कोणता करावा, सगळे रंगीत तक्त्यांत होते. आठवड्यातून दोनदा मासे खावेत अशी शिफारसही होती. आमच्या घरात! (हशा) बी-१२ च्या रकान्यात 'सर्वसामान्य जोखीम' असा शेरा होता. त्याच महिन्यात त्याच्या रक्ताची साधी तपासणी केली, तेव्हा पातळी १३० निघाली. त्या प्रयोगशाळेची किमान मर्यादा दोनशेच्या आसपास होती. जनुकाच्या अहवालाने शक्यता सांगितली, रक्ताने वस्तुस्थिती सांगितली. पहिल्याला पंधरा हजार लागले, दुसऱ्याला हजारही लागले नाहीत.

अहवाल बनवणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. अडचण विद्येच्या आजच्या मर्यादेची आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ स्थूल व्यक्तींना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी पिष्टाचा आहार दिला आणि त्यांचा जनुकप्रकार कोणत्या आहाराला जुळतो हेही पाहिले. २०१८ साली निकाल आला. दोन्ही गटांचे वजन जवळपास सारखेच उतरले, आणि जनुकाला 'जुळणारा' आहार घेणाऱ्यांना कोणताही अधिक लाभ झाला नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर एकसारखी जनुके असलेल्या जुळ्यांचीही तेच जेवण घेतल्यावरची साखर वेगवेगळी वागली. शिवाय अशा गणितांचा पाया बहुतांशी युरोपीय लोकांच्या रक्तावर उभा आहे. दुसऱ्याच्या अंगाचे माप घेऊन आपला सदरा बेतल्यावर तो नीट बसेल कसा? भारत सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पाने देशातील विविध समूहांच्या सुमारे दहा हजार व्यक्तींचा जनुकसंचय वाचला आहे, आणि त्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. त्यातून पुढे आपल्या अंगाचे माप मिळेल अशी आशा आहे. तोवर घाई नको. डॉक्टरांनी विशिष्ट आजाराच्या शंकेवरून जनुकतपासणी सांगितली, तर ती मात्र अवश्य करावी. ती गोष्ट वेगळी.

शेवटी सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. ट्रस्टतर्फे आरोग्य शिबिरे होतात, त्यांत डोळे, दात आणि साखर पाहिली जाते. यंदाच्या शिबिरात बी-१२ आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी घालावी आणि ती सर्वांत आधी चौदा वर्षांवरील मुलींची, नवविवाहित सुनांची आणि साठीपुढील ज्येष्ठांची करावी. एकदम शंभर नमुने दिले तर प्रयोगशाळा दरात सवलत देते. त्या घासाघिशीचे काम मी स्वतः अंगावर घेतो, तो माझा व्यवसायच आहे. दुसरे, विवाहेच्छुकांचा जो परिचय अर्ज आपण छापतो, त्यात थॅलेसेमिया तपासणीचा एक रकाना ऐच्छिक म्हणून वाढवावा. शिबिरात कमरेचे माप घेण्यासाठी टेप लागतील त्या माझ्या दुकानातून पाठवीन.